लेव्हल कधी मिळणार? पात्रांच्या प्रगतीचं गणित बिघडलं की काय तपासायचं

चार दरोडेखोरांनी शस्त्रं टाकून हात वर केले. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका करायच्या आमच्या रोल-प्लेइंग खेळातला हा प्रसंग. आमच्यातल्या एकीचं पात्र म्हणजे दयेचं व्रत घेतलेली क्लेरिक, म्हणजे पुजारीण. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "यांना सोडून दिलं तर एक्सपी पूर्ण मिळेल की अर्धा?" (एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण; ते साठले की पात्र पुढच्या लेव्हलला, म्हणजे वरच्या पायरीला चढतं, आणि ते देणारी मी.) मी म्हणाले, "अर्धा." क्षणभर कुणी बोललं नाही. मग फासे पडले आणि शरण आलेली चारही माणसं मेली. पहिला वार क्लेरिकचाच होता.

त्या रात्री मला खेळाडूंचा राग आला. सकाळपर्यंत तो माझ्याकडेच वळला होता. दर मी लावला होता: जिवंत सोडलेल्याचे अर्धे, मेलेल्याचे पूर्ण. त्यांनी माझं दरपत्रक वाचलं आणि त्याप्रमाणे काम केलं.

गेम मास्टर (जीएम), म्हणजे खेळाचं जग चालवणारी आणि नियम लावणारी व्यक्ती, म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की पात्रांच्या प्रगतीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. नियम ज्या कामाची मजुरी देतात ते काम टेबलावर होतं, बाकीचं मागे पडतं. तक्रारीचं रूप मात्र दर वेळी निराळं असतं. कुणाचे खेळाडू दिसेल त्याला मारत सुटतात. कुणाकडे माइलस्टोन, म्हणजे कथेतल्या टप्प्यांवर लेव्हल देण्याची पद्धत, आणल्यापासून सगळे हात बांधून जीएमच्या कथेची वाट बघत बसतात. कुणाकडे दोन सेशन (खेळाच्या बैठका) चुकलेला खेळाडू कायमचा मागे राहतो. आणि आपण करतो काय, तर लगेच पद्धत बदलतो. एक्सपी बंद, माइलस्टोन सुरू. सहा महिन्यांनी पुन्हा उलटं. दुखणं तसंच राहतं. म्हणून खाली मी पद्धतींऐवजी लक्षणांपासून सुरुवात केली आहे. आपलं लक्षण शोधा, बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

आधी तीन सेशन नोंद ठेवा

एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे लिहा, टेबल जागं कधी झालं: सगळे पुढे कधी झुकले, एकमेकांचं बोलणं कधी तोडू लागले, फोन कधी उपडे झाले. उजवीकडे लिहा, तुम्ही एक्सपी कशाचे दिले. तीन सेशननंतर दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा. माझ्या डाव्या रकान्यात होती सरदाराशी झालेली वाटाघाट, पडक्या मठातलं पाण्याच्या पातळीचं कोडं आणि पहारेकऱ्यांच्या नाकाखालून पळवलेला मुकुट. उजव्या रकान्यात होती मेलेल्यांची यादी. मला आणखी काही शोधायची गरज उरली नाही.

याच तीन सेशनमध्ये प्रत्येक खेळाडूला एकट्याला गाठून एवढंच विचारा, "तुझं पात्र पुढे कसं झालेलं तुला बघायचंय?" उत्तर "दुसरा वार", "आगीचा गोळा" असं एखाद्या नव्या ताकदीचं आलं, तर प्रश्न वेगाचा किंवा टप्प्यांचा आहे. उत्तर "हरवलेला भाऊ सापडायला हवा" असं आलं, तर तुमचे नियम त्या गोष्टीची दखलच घेत नाहीयेत. आणि उत्तर आलं "काही खास नाही", तर थांबा. त्या खेळाडूचं खेळावरून मन उडालंय, आणि ते प्रगतीची कुठलीही पद्धत परत आणणार नाही. त्याच्याशी वेगळं बोलावं लागेल.

दिसेल त्याला मारतात

हे सगळ्यात नेहमीचं लक्षण, आणि त्याचा इतिहास माहीत असला की उपाय आपोआप दिसतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग खेळ १९७४ साली आला, तेव्हापासून डन्जनमधून (राक्षसांनी भरलेल्या भुयारातून) बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी असा हिशोब होता. त्याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात त्याचा परिणाम अगदी स्पष्ट दिसतो. तिथे एक गोब्लिन (छोटा राक्षस) मारल्याचे ५ एक्सपी, तेही सगळ्या गटात वाटून. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागायचे, चोराला १,२००, जादूगाराला २,५००. फायटरने एकट्याने केवळ गोब्लिन मारून दुसरी लेव्हल गाठायची म्हटली तर चारशे गोब्लिन मारावे लागले असते. पहिल्या लेव्हलचं पात्र दोन घावांत मरायचं, हेही लक्षात घ्या. म्हणजे लढाई हा घाट्याचा सौदा होता. मग खेळाडू काय करत? लपत, लाच देत, एका टोळीला दुसरीच्या अंगावर घालत आणि खजिना घेऊन मागच्या दाराने निघून जात.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे एक्सपी ऐच्छिक झाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत एन्काउंटर (शत्रूशी वा अडथळ्याशी पडलेली गाठ) हाच एक्सपीचा मुख्य आधार बनला. नकाशा तोच ठेवा, राक्षस तेच ठेवा, फक्त ही एक ओळ बदला, आणि त्याच बोळातून खेळाडू वेगळ्या पद्धतीने चालताना दिसतील.

पहिला उपाय फुकटचा आहे आणि तो मी सगळ्यांना आधी करून बघायला सांगते: अडथळा कसाही पार केला तरी पूर्ण एक्सपी. पळवून लावलं, फसवलं, शरण घेतलं, मैत्री केली, सगळ्याला दर एकच. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही राक्षसाचा धोका दुसऱ्या मार्गाने दूर केला तर जीएम एक्सपी देऊ शकतो असं लिहिलेलं आहे, पण ते जीएमच्या मर्जीवर आहे आणि खेळाडूंना मर्जीचा भरवसा वाटत नाही. म्हणून मी ते सेशनच्या सुरुवातीला मोठ्याने सांगते. नियम माहीत नसला तर नसल्यातच जमा. एक पळवाट मात्र बुजवा: ज्या टोळीला टाळून गेलात तिचे एक्सपी एकदाच. परत येऊन तिलाच मारलं तर काही नाही.

दुसरा उपाय म्हणजे सोन्याकडे परत जाणं. मला तो फार आवडतो, पण यात मी स्वतः जोरात आपटले आहे. पाचव्या आवृत्तीच्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या सलग खेळात) एका नाण्याला एक एक्सपी असा नियम मी तसाच्या तसा आणला. पहिल्याच थडग्यात चार हजार नाण्यांची पेटी होती, खेळाडू चार. प्रत्येकाला एक हजार. त्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात आणि तिसरीला ९००. एका पेटीत सगळे दोन लेव्हल चढले. १९८१ च्या तक्त्यावर त्याच हजारात फायटर जेमतेम अर्ध्या वाटेवर पोचला असता. शिवाय त्या जुन्या नियमांत एका मोहिमेत एकाहून जास्त लेव्हल चढता येणार नाही असं कुंपणही होतं. मी ते वाचलं होतं आणि अनावश्यक समजून सोडलं होतं.

तेव्हा हिशोब उलट्या बाजूने करा. एका लेव्हलला तुम्हाला साधारण किती सेशन हवेत ते ठरवा, समजा चार. पुढच्या लेव्हलसाठी लागणाऱ्या एक्सपीला चाराने भागा, खेळाडूंच्या संख्येने गुणा. एका सेशनमध्ये सापडण्याजोगा खजिना तेवढा. त्याहून थोडा जास्तच ठेवा, कारण खेळाडूंना सगळा सापडत नाही.

सोनं साठून राहतं आणि त्याचं करायचं काय हा पुढचा प्रश्न येतो. आर्नेसनच्या ब्लॅकमूर कॅम्पेनमध्ये याला एक सुंदर उत्तर होतं, १९७७ मध्ये छापलेल्या त्याच्या टिपणांत ते आहे: एक्सपी सोनं मिळवल्याचे नाहीत, ते आपल्या पात्राच्या आवडीवर खर्च केल्याचे. माझ्या टेबलावर हा नियम आल्यावर आमच्या कंजूष बुटक्याने पूल बांधायला घेतला, चोराने अनाथ मुलांचं वसतिगृह काढलं, आणि ही ठिकाणं मला पुढे कथेत वापरायला आयती मिळाली. ज्या जगात खेळाडूंनी पैसा ओतलाय त्या जगाची त्यांना काळजी वाटते. सोन्याचे एक्सपी द्यायचे असतील तर खर्चाचेच द्या, असं माझं ठाम मत आहे.

माइलस्टोन आणले आणि सगळे गप्प झाले

माइलस्टोन लोकप्रिय का झाले हे कळण्यासारखं आहे. बेरीज नको, तक्ता नको. कथेतला महत्त्वाचा टप्पा गाठला की सगळे एक लेव्हल वर. मारामारीची हाव तर एका रात्रीत जाते. पण काही आठवड्यांनी दुसरं दुखणं दिसायला लागतं. खेळाडू आडवाटेला जाईनासे होतात. जंगलात बेवारस बुरूज दिसला की आधी धावत सुटणारी मंडळी आता विचारतात, "हा मुख्य कथेत आहे का?" कारण महत्त्वाचा टप्पा कोणता ते एकट्या जीएमला माहीत असतं, आणि लेव्हलची किल्ली त्याच्या खिशात असते. खेळाडू मग जगाऐवजी तुमचा चेहरा वाचू लागतात.

इथे पद्धत टाकून द्यायची गरज नाही. टप्पे उघड करा. आमच्याकडे टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड असतं, त्यावर पाच उद्दिष्टं. दोन माझी, तीन खेळाडूंनी लिहिलेली. कुठलीही तीन पूर्ण झाली की लेव्हल, मग नवं कार्ड. उद्दिष्ट लिहिताना एकच अट: झालं की नाही यावर वाद होता कामा नये. "राजाचा विश्वास मिळवणे" बाद. "राजाकडून शिक्क्याची अंगठी मिळवणे" चालेल. खेळाडूंनी लिहिलेल्या तीन ओळींमधून मला त्यांच्या मनातलं जेवढं कळलं, तेवढं पात्रांच्या चार-चार पानी पूर्वकथांतूनही कळलं नव्हतं.

ज्यांना एवढंही नको त्यांनी सेशन मोजावेत. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत हा पर्याय दिलेला आहे: पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, आणखी एकानंतर तिसरी, त्यापुढे दोन सेशनने चौथी, आणि नंतर दर दोन-तीन सेशनला एक. शॅडो ऑफ द डीमन लॉर्ड हा २०१५ चा खेळ तर शून्यापासून दहाव्या लेव्हलपर्यंत एका साहसाला एक लेव्हल असाच बांधलाय. अशा पद्धती कशाचीच वेगळी मजुरी देत नाहीत, आलात आणि खेळलात एवढंच मोजतात. ज्या टेबलावर सगळे आपणहून उत्साही आहेत तिथे त्या उत्तम चालतात. झोपलेल्या टेबलाला त्या जागं करत नाहीत.

सहा सेशन कोरडे, मग एकदम पूर

लेव्हल हा मोठा गठ्ठा असतो. नवे हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा), नव्या स्पेल (मंत्र), नवी क्षमता, सगळं एकाच रात्री अंगावर येतं, आणि त्याआधी कितीतरी आठवडे काहीच नसतं. खेळाडू पुन्हा पुन्हा "लेव्हल कधी?" विचारतात त्यामागे बऱ्याचदा हाव नसते, कोरडेपणाचा कंटाळा असतो. जीएमने वेग वाढवला तर तोही तोटाच, कारण मग आधीच्या लेव्हलची खेळणी नीट वापरून होत नाहीत.

२०१३ च्या थर्टीन्थ एज या खेळाने यावर जे केलं ते कुठल्याही लेव्हलवाल्या खेळात आणता येतं: पुढच्या लेव्हलचा एकेक तुकडा आधीच द्यायचा. एका सेशननंतर हिट पॉइंट, पुढच्या वेळी एखादं कौशल्य, मग एक स्पेल. लेव्हल पूर्ण होते तेव्हा उरलेलं मिळतं. कोणता तुकडा आधी घ्यायचा ते खेळाडू ठरवतो. मी पाचव्या आवृत्तीत हे करते तेव्हा एक गोष्ट राखून ठेवते: पाचव्या लेव्हलला लढवय्यांना मिळणारा दुसरा वार आणि जादूगारांच्या तिसऱ्या पातळीच्या स्पेल शेवटीच. त्या लेव्हलला ताकद अचानक उडी मारते, आणि गटातल्या एकालाच ती आठवडाभर आधी मिळाली तर बाकीचे प्रेक्षक होतात.

कौशल्य वापरून वाढतं, म्हणून सगळे उगाच वापरत सुटतात

लेव्हल नकोच, जे वापराल ते वाढेल, हा विचार मला मनापासून पटतो. १९७८ च्या रूनक्वेस्टने तो ज्या रीतीने मांडला ती आजही शिकण्यासारखी आहे. प्रत्येक कौशल्य टक्क्यांत. साहसात ते यशस्वीपणे वापरलं की त्याच्यापुढे खूण. साहस संपलं की खूण केलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी शंभराचा फासा टाकायचा, आणि आकडा तुमच्या सध्याच्या टक्क्यांपेक्षा जास्त आला तरच कौशल्य वाढतं. तलवार तीस टक्के असेल तर वाढण्याची शक्यता सत्तर. तलवार नव्वद असेल तर दहा. नवशिक्या भराभर शिकतो, उस्तादाला एकेक पायरी जड जाते, आणि त्यासाठी वेगळा तक्ता लागत नाही. इतका कमी शब्दांत इतकं काम करणारा नियम मला क्वचित दिसला आहे.

दुखणं कुठे येतं? खूण मिळवण्यासाठी. खेळाडू एका लढाईत आधी भाला फेकतात, मग तलवार उपसतात, मग ती टाकून गदा घेतात. दार उघडं असताना कुलूप उघडून बघतात. टेबलावर जे वागणं दिसतं त्याला साहस म्हणता येत नाही, ती कवायत असते.

मूळ नियमांतलं कुंपण आधी लावून बघा: एका साहसात एका कौशल्याला एकच खूण, आणि तीही खऱ्या दडपणाखाली वापर झाला तरच. "खरं दडपण" म्हणजे काय यावर वाद टाळायला मी एकच प्रश्न विचारते, "हे फसलं असतं तर काय बिघडलं असतं?" खेळाडूला उत्तर देता आलं नाही तर खूण नाही. जोडीला एका साहसात एकूण खुणांना मर्यादा घाला, समजा पाच. मग कुठे खर्च करायच्या ते खेळाडू जपून ठरवतो.

याहून खोल उपाय आहे अपयशाला किंमत देण्याचा. २००२ च्या बर्निंग व्हीलमध्ये कौशल्य वाढायला निरनिराळ्या अवघडपणाच्या चाचण्या लागतात, सोप्या चाचण्यांच्या ढिगाने वरची पायरी मिळत नाही. त्याच घराण्यातल्या माउस गार्डने २००८ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: कौशल्य जितक्या अंकाचं असेल तितकी यशं हवीत आणि त्याहून एक कमी इतकी अपयशं हवीत. चार अंकाचं कौशल्य वाढवायला चारदा जमायला हवं, तीनदा फसायला हवं. हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा टेबलावरचा सूर बदलताना मी डोळ्यांनी पाहिला. जो खेळाडू फासा वाईट पडला की चिडून वही मिटायचा, तोच मोडकी दोरी घेऊन कड्यावर चढायला निघाला, कारण त्याला अजून एक अपयश हवं होतं. २०१२ च्या डन्जन वर्ल्डमध्ये हेच सोपं करून दिलंय: दोन फाशांची बेरीज, त्यात पात्राचा आकडा मिळवून, सहा किंवा कमी आली की एक एक्सपी. २०२३ च्या ड्रॅगनबेनमध्ये वीस बाजूंच्या फाशावर १ किंवा २० आला की खूण, म्हणजे सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट क्षणाला सारखीच किंमत. उगाच कौशल्य वापरण्याचा मोह तिथे बराच कमी होतो, कारण ते दोन आकडे मागून येत नाहीत.

तुमच्याकडे फासा वाईट पडला की चिडणारे खेळाडू असतील तर मी बाकी सगळ्याआधी अपयशाचा एक्सपी आणायला सांगेन. तो कुठल्याही खेळाला जोडता येतो. लेव्हलच्या खेळात पुढच्या लेव्हलसाठी लागणाऱ्या एक्सपीचा पन्नासावा भाग दर अपयशाला द्या, सेशनला जास्तीत जास्त तीन वेळा. तेवढ्याने तक्ता कोलमडत नाही.

दोन सेशन चुकलेला मागे राहतो

याचं उत्तर तुमच्या तक्त्यात आहे, म्हणून आधी तो बघा. १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट नियमांत फायटरला पाचवी लेव्हल १६,००० ला आणि सहावी ३२,००० ला मिळायची. आकडे दुप्पट होत जातात. आता गटाच्या पाचव्या लेव्हलवर कुणी नवा पहिल्या लेव्हलपासून आला, तर इतर सहावी गाठेपर्यंत त्याच्याकडेही सोळा हजार जमतात आणि तो पाचवीवर येऊन बसतो. तक्ताच त्याला हात देऊन वर ओढतो. याउलट २०१९ च्या पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लेव्हलला सरसकट १,००० एक्सपी. हिशोबाला हे फार सुटसुटीत आहे, पण नुसत्या तक्त्याच्या भरवशावर दोन लेव्हल मागे असलेला जन्मभर दोन लेव्हल मागे राहील. अशा सपाट तक्त्यावर वैयक्तिक एक्सपी ठेवूच नयेत, सगळ्या गटाचा आकडा एक.

आजारपण, काम, लहान मूल, या कारणांनी न आलेल्या माणसाला खेळात शिक्षा करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. सेशन चुकल्याचा तोटा त्याला आधीच झालेला असतो: त्याने खेळ चुकवलेला असतो.

चांगल्या अभिनयाचे एक्सपी आणि त्यावरून होणारे रुसवे

पात्र छान रंगवलं म्हणून जीएमने मर्जीने दिलेले जादा एक्सपी मी पूर्ण बंद केले. मोठ्या आवाजाचे खेळाडू ते नेतात. गप्प बसून बारकाईने खेळणाऱ्या माणसाला वाटतं की आपण कमी पडतो. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट.

त्याऐवजी खेळाडूने स्वतः लिहिलेल्या अटी ठेवा. २००४ च्या द शॅडो ऑफ यस्टरडे या खेळात 'की' (किल्ली) नावाची कल्पना आहे. पात्राची ओढ एका ओळीत लिहायची, उदाहरणार्थ, "मी कुणालाही मागे सोडून जात नाही." ती ओढ खेळात आली की एक्सपी, तिच्यामुळे संकटात सापडलात तर जास्त. आणि खरी कमाल पुढे आहे: कधीतरी ती ओढ तोडलीत, सोबत्याला मागे सोडून पळालात, तर एकदम दहा एक्सपी आणि ती की कायमची गेली. माणूस बदलतो त्या क्षणाला नियमांनी सगळ्यात मोठी किंमत दिली आहे. आमच्या क्लेरिकची पहिली की होती "शरण आलेल्याला मी अभय देते". त्यानंतरच्या पाच महिन्यांत तिने किती कैदी पोसले आणि त्यापायी गटाला किती वेळा पळावं लागलं याची मोजदाद नाही. मग एका रात्री तिने मारेकऱ्याचे हात बांधलेले असताना सुरी उचलली, आणि टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं की ही दहा एक्सपीसाठी केलेली गोष्ट नव्हे. मी त्या रात्री नियम हाती न घेता नुसती बघत बसले होते.

प्रत्येकाला एकच की द्या आणि सेशनला दोनदाच मोजा, नाहीतर बडबड्या खेळाडूचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. आणखी सोपं हवं असेल तर सेशनच्या शेवटी सगळ्यांनी मिळून प्रश्नांची उत्तरं द्यायची, डन्जन वर्ल्डमध्ये आहेत तशी: जगाबद्दल काही नवं आणि महत्त्वाचं कळलं का, एखाद्या नाव घेण्याजोग्या शत्रूवर मात केली का, आठवणीत राहील असा खजिना मिळाला का. प्रत्येक "हो" ला सगळ्यांना एक. प्रश्न तुमच्या डाव्या रकान्यातून घडवा. माझा आवडता प्रश्न: "आज कुणाचं मत बदलवलंत का?"

वरच्या लेव्हलला खेळच मोडतो

याची दोन-तीन उत्तरं आहेत आणि ती थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या खेळाडूंनी काढलेली ई-सिक्स ही तोड साधी आहे: सहाव्या लेव्हलला चढण थांबवायची, त्यापुढे दर ५,००० एक्सपीला एक फीट (एखादी जादा खुबी). पात्र रुंदीने वाढतं, उंचीने नाही. १९८७ च्या आर्स मॅजिकाने वाढ साहसातून बरीचशी काढून घेऊन ऋतूंना दिली: या हिवाळ्यात जादूगार ग्रंथ वाचणार, वसंतात प्रयोगशाळेत बसणार, आणि तेवढ्यात त्याचं वयही वाढणार. २०२० च्या केर्नमध्ये लेव्हल नाहीच. पात्राचं हिट प्रोटेक्शन, म्हणजे जखमेआधीचं संरक्षण, बरोबर शून्यावर आलं की त्याला एक व्रण मिळतो, आणि काही व्रण माणसाला आधीपेक्षा चिवट करून सोडतात. यातलं जे आवडेल ते घ्या, पण कॅम्पेन सुरू होतानाच. दहाव्या लेव्हलच्या जादूगाराला मध्येच "इथून पुढे चढण बंद" म्हणून सांगितलंत तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

चालू कॅम्पेनमध्ये बदल करताना

कमावलेलं काहीही काढून घेऊ नका, एक एक्सपीसुद्धा. बदल एका वेळी एकच. मी एकदा सोनं, की आणि तुकड्यांनी लेव्हल हे तिन्ही एकत्र आणलं आणि कशाने काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुदत आधी जाहीर करा: चार सेशन, त्यानंतर प्रत्येकाने ठेवायचं की टाकायचं ते कागदावर नाव न घालता लिहायचं. हात वर करायला लावलंत तर सगळे तुमच्याकडे बघून हात वर करतील. चिठ्ठ्या सारख्या पडल्या तर जुनी पद्धत परत.

आणि दोन रकान्यांचा तो कागद त्या चार सेशनमध्येही चालू ठेवा. चिठ्ठ्यांत "ठेवा" आलं आणि डावा रकाना रिकामाच राहिला, असंही माझ्याकडे एकदा झालंय. तेव्हा मी चिठ्ठ्या बाजूला ठेवून रकान्याचं ऐकलं, खेळाडूंना दोन्ही कागद दाखवले, आणि आम्ही आणखी चार सेशन घेतले.